दगडाला पिल्लं होतात का?

मुलांनो, तुम्हाला कधी दगडाचा राग आलाय? ठेच लागल्यावर येतो तो राग नव्हे, तो दोन मिनिटांत जातो. मी म्हणतेय तो वर्षानुवर्षं पुरणारा राग. मला तो लहानपणी दर उन्हाळ्यात यायचा.

आमचं गाव लिंबागणेश. बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात. भालचंद्र गणपतीचं देऊळ ही आमच्या गावाची ओळख. देवळाकडे येणाऱ्यांना हिरवी झाडं दिसतात, डोंगर दिसतात. त्यांना आमचं रान बघायची वेळ येत नाही. आमचं रान उताराचं, मुरमाड. एक पाऊल टाकलं की चार दगड पायाखाली! वैशाख आला की सगळ्या घराचं एकच काम असायचं. घमेलं घ्यायचं, दगड वेचायचे, बांधावर नेऊन टाकायचे. आई, अण्णा, मी आणि माझा धाकटा भाऊ. मामाच्या गावाला गेलेल्या मैत्रिणी आंबे खात असायच्या, आणि आम्ही दगड मोजत असायचो.

बरं, वेचून संपले असं कधी झालंय? छे! पाऊस पडायचा, पीक निघायचं, पुढचा वैशाख यायचा आणि रानात पुन्हा दगडच दगड. मला शंका यायची, की हे बांधावरचेच दगड रात्री गुपचूप चालत परत येत असतील. हसू नका! चौथीत असताना मी खरंच परीक्षा घेतली. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला तांबडा रंग घरात होता. वेचलेल्या दहा दगडांना मी तो फासला आणि त्यांना बांधावर ओळीनं बसवलं. पुढच्या वर्षी जाऊन बघते तर काय, दहाच्या दहा तांबडे दगड जिथल्या तिथे! आणि रान मात्र दगडांनी भरलेलं. म्हणजे हे सगळे नवे होते.

मी अण्णांना विचारलं, “अण्णा, ही नवी दगडं आली कुठून?”

अण्णा घमेलं उचलता उचलता म्हणाले, “आगं माय, दगडाला पिल्लं होत्यात.”

आणि मला ते खरंच वाटलं!

पुढे मी मोठी झाले, डीएड केलं, शिक्षिका झाले. आता चौथीलाच शिकवते. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जूनमध्ये शाळा उघडली, पहिल्याच आठवड्यात वर्गातली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, दगडं उगवत्यात का?”

तुम्हाला काय वाटतं, मी काय उत्तर दिलं असेल? मला सांगायला लाज वाटते. मी म्हटलं, “दगड निर्जीव असतात. सजीव-निर्जीव शिकलोय ना आपण? बस खाली.”

ती बसली. पण बसताना हळूच पुटपुटली, “मग यवढी कुठून येत्यात?”

त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता मला ते दहा तांबडे दगड आठवले, आणि हात थांबला. जो प्रश्न मी स्वतः रंगाचा डबा घेऊन सोडवायला निघाले होते, तोच मी एका मुलीच्या तोंडून काढून घेतला होता. आणि उत्तर मलाही माहीत नव्हतं!

मग मी शोध सुरू केला. पुस्तकं चाळली, जाणत्या लोकांना विचारलं, आणि गावात एका विहिरीचं खोदकाम चालू होतं तिथे जाऊन उभी राहिले. काय कळलं ते तुम्हाला सांगते.

आपल्या महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या बेसॉल्ट खडकावर बसलाय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला मोठमोठ्या भेगा पडून तप्त शिलारस बाहेर आला. तो थंड झाला, त्यावर पुन्हा नवा आला, असे थरावर थर बसले. आपले सह्याद्रीचे डोंगर आणि आमचा बालाघाट त्याच खडकाचे. आणि गंमत बघा, कापूस पिकवणारी आपली काळी माती हा बहुतांशी त्याच खडकाचा झिजून झालेला चुरा! नदीकाठी मातीचा थर खोल असतो. आमच्यासारख्या उतारावर मात्र तो जेमतेम वीतभर, हातभर. विहिरीच्या कडेला उभं राहिलं की हे सगळं पुस्तकासारखं उघडं दिसतं. वर थोडी माती, मग मुरूम, मग खडक. मुरमात गोल गोल दगड रुतलेले असतात. त्यांना हातानं सोललं तर कांद्यासारखे पापुद्रे निघतात. ऊन, पाणी आणि हवा खडकाला अशी बाहेरून आत सोलत जाते. पापुद्र्यांचा मुरूम होतो, मुरमाची माती होते, आणि मधला टणक गाभा दगड म्हणून उरतो.

मग हे दगड वर कसे येतात? एक नाही, तीन वाटांनी.

पहिली वाट पावसाची. उतारावरून पाणी धावतं आणि बारीक माती सोबत घेऊन जातं. दगड जड, ते जागेवरच राहतात. म्हणजे दगड वर येत नाहीत, माती खाली जाते! चाळणीतून पीठ गळतं आणि कोंडा वर राहतो, तसं.

दुसरी वाट नांगराची. माती पातळ असली की नांगराचा फाळ खालच्या मुरमाला लागतो आणि तिथले दगड उपसून वर टाकतो. बैलांचा नांगर थोडं उकरायचा, ट्रॅक्टरचा नांगर आणखी खोल जातो. म्हणजे आम्हीच नांगरून दगड काढत होतो आणि आम्हीच वेचत होतो!

तिसरी वाट सगळ्यात मजेची. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात काळ्या रानाला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, त्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या भेगांत वरची भुसभुशीत माती घसरते आणि दगडाच्या खाली जाऊन बसते. पाऊस आला की ती फुगते. वर दगड, खाली फुगलेली माती. दगड जाणार कुठे? थोडासा वर सरकतो. असं वर्षानुवर्षं.

थंड देशांत हेच काम बर्फ करतो. दगडाखालचं पाणी गोठतं, गोठताना फुगतं आणि दगडाला वर ढकलतं. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातले शेतकरी दर वसंतात शेतातले दगड वेचायचे. त्यांचे रचलेले दगडी बांध तिथल्या रानांत आजही दिसतात. मला हे वाचून फार बरं वाटलं. आमच्यासारखी वैतागलेली मुलं तिकडेही असणारच की!

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले आणि त्या मुलीला म्हटलं, “परवा मी तुला चुकीचं गप्प केलं. तुझा प्रश्न चांगला होता.” मग आम्ही एक प्रयोग केला. तुम्हीही घरी करा. प्लॅस्टिकची एक पारदर्शक बरणी घ्या. तळाला एक अख्खी सुपारी ठेवा, तिच्यावर अर्धी बरणी भरेल इतकी ज्वारी ओता. झाकण घट्ट लावा आणि बरणी खालीवर हलवत राहा. थोड्या वेळात सुपारी वर येते! प्रत्येक हिसक्याला सुपारीखाली जराशी पोकळी होते. तिथे बारीक ज्वारी पटकन शिरते, मोठ्या सुपारीला परत खाली जायला जागा राहत नाही. रान काही बरणीसारखं कुणी हलवत नाही. पण लहानानं मोठ्याच्या खाली शिरायचं ही युक्ती भेगांतल्या मातीचीच.

त्या दिवसापासून आमच्या वर्गात एक वही सुरू झाली. तिचं नाव मुलांनीच ठेवलं, ‘वैतागवही’. ज्याला ज्याचा वैताग येतो, त्यानं ते तिच्यात लिहायचं. ‘दप्तराची चेन नेहमी पावसातच का अडकते?’ ‘बोअरचं पाणी घातलं की डाळ लवकर का शिजत नाही?’ ‘चपलेचा अंगठा नेहमी उजवाच का तुटतो?’ सगळ्यांची उत्तरं मिळाली नाहीत. पण दर शनिवारी आम्ही एकेका वैतागाच्या मागे लागायचो.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र मलाच वहीत लिहायला एक वैताग मिळाला.

माझा भाऊ पुण्याला असतो. त्यानं नवी मोटार घेतली होती. ती घेऊन तो गावी आला आणि आम्ही सगळे बीडला खरेदीला निघालो. पुढे भाऊ आणि अण्णा, मागे आम्ही. अण्णांनी नवा फेटा बांधला होता. लेकाच्या गाडीत बसायचं म्हणजे काय! गाडीत समोर मोठा काचेचा पडदा. गाणी त्यावर, नकाशा त्यावर, गार वाराही त्यावरच.

मांजरसुंब्याचा घाट लागला आणि अण्णा म्हणाले, “लई गार लागायलंय रं.”

भाऊ वळणावर होता. तो म्हणाला, “अण्णा, त्या पडद्यावर पंख्याचं चित्र हाय बगा, त्याला बोट लावा.”

अण्णांनी बोट लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. काही नाही. मग जोरात दाबलं. मी मागून ओरडले, “अण्णा, हळू लावा ना! फुटंल ती काच!”

तेवढ्यात माझा पाच वर्षांचा भाचा मधून पुढे वाकला. त्यानं नुसतं बोट टेकवलं आणि वारा थांबला. सगळे हसले. अण्णाही हसले. म्हणाले, “आरं, एक बटन द्यायला काय झालं व्हतं ह्यांना?” आणि हसता हसता त्यांनी आपला उजवा हात उपरण्याखाली घेतला. बीड येईपर्यंत तो बाहेर काढला नाही.

मला ते दिसलं. कारण तसंच मी आधीही एकदा पाहिलं होतं. रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा लावायचा असतो. अण्णांचा अंगठा त्या यंत्राला तीन-तीनदा कळत नाही, मागे रांगेतले लोक चुळबुळ करतात. तेव्हाही त्यांनी हात असाच लपवला होता. म्हणाले होते, “माजा अंगठा मलाच वळखंना झालाय.”

सुट्टी संपली, शाळा भरली. वैतागवहीत मी लिहिलं, ‘अण्णांचं बोट पडद्याला का कळत नाही?’ आणि वही खाली ठेवणार, तोच तीच मुलगी जवळ आली. तिचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि ती आजीजवळ राहते. आमच्या भागातली कितीतरी मुलं अशीच राहतात. ती म्हणाली, “बाई, माझ्या आजीचं बोटबी फोनला लागत न्हाई. म्या शाळेत आसले की मायचा फोन वाजून वाजून बंद होतो.”

मी काय बोलणार? माझा वैताग केवढा आणि तिचा केवढा!

आता मात्र शोध लावायलाच हवा होता. नीट ऐका हं, कारण हे तुमच्याही घरी उपयोगी पडेल. आजकालच्या फोनचा आणि गाड्यांचा पडदा दाबल्यानं चालत नाही. काचेखाली डोळ्यांना न दिसणारी, वीज वाहून नेणारी एक जाळी असते. तिच्यात अगदी थोडा विद्युतभार असतो. आपल्या शरीरात पाणी आहे, क्षार आहेत, त्यामुळे शरीरातून वीज वाहू शकते. बोट काचेला टेकलं की त्या जागचा भार किंचित बदलतो. यंत्राला तो बदल कळतो आणि ते म्हणतं, ‘अच्छा, इथे बोट आहे!’ लाकडी पेन्सिल टेकवली तर काहीच होत नाही. नुसतं नख टेकवलं तरी नाही.

आणि हाताला जाड घट्टे पडले असतील, कातडी कोरडी आणि भेगाळलेली असेल तर? अशा कातडीत ओलावा फार कमी असतो. काच आणि आतलं जिवंत बोट यांच्यामध्ये जणू जाड हातमोजाच येतो. पडद्याला वाटतं, बोट आलेलंच नाही! नुसता जोर लावून त्यावर फारसा उपाय होत नाही. रेशनच्या यंत्राचं दुखणं थोडं वेगळं. ते बोटावरच्या रेघा वाचतं, आणि कष्टानं त्या रेघाच झिजून गेलेल्या असतात.

शनिवारी वर्गात आम्ही माझा फोन मध्ये ठेवला. पेन्सिल लावली, खडू लावला, घड्या घातलेला जाड रुमाल बोटाला गुंडाळून लावला. फोन ढिम्म! मग एकानं डब्यातली काकडी लावली आणि फोन चालू झाला. वर्गात जो गोंधळ उडाला म्हणता! काकडी रसाळ, आणि ती हातात धरलेली. म्हणून फोनला ती बोटासारखी वाटली.

मग त्या मुलीच्या आजींना शाळेत बोलावलं. त्या येऊन दारातच उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, नातीनं काहीतरी खोडी केलीय! मी ओलं फडकं पुढे केलं. म्हटलं, “आजी, ह्याला बोट टेकवा. आता जरा पुसा. फार ओलं नको, पाणी सांडलं तर पडदा आणखीच गोंधळतो. आता हे हिरवं चित्र सरकवा.” पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा जमलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आजी आपल्या बोटाकडे बघत म्हणाल्या, “म्हंजी माजं बोट मेल्यालं न्हाई म्हना!”

दोन दिवसांनी त्या मुलीनं वैतागवही मागितली आणि आपल्या ओळीवर फुली मारली. म्हणाली, “दहाबारी केलं तर दोनबारी चुकतं. पर मायशी बोलती आजी.”

राहिला अण्णांचा प्रश्न. एक बटन द्यायला काय झालं होतं? मुलांनो, तो प्रश्न अडाण्याचा नाही बरं का! मोटारीत असा पडदा १९८६ मध्येच अमेरिकेतल्या एका गाडीत आला होता. पुढे पडदे मोठे झाले आणि बटनं कमी झाली. २०२२ मध्ये स्वीडनच्या एका मोटारविषयक मासिकानं परीक्षा घेतली. गाडी ताशी ११० किलोमीटर वेगानं चालवायची आणि रेडिओ लावणं, गाडीतली ऊब वाढवणं अशी चार छोटी कामं करायची. बटनांच्या २००५ सालच्या जुन्या गाडीत ती १० सेकंदांत झाली. तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. पडद्याच्या एका नव्या गाडीत पाऊण मिनिटाच्या आसपास लागलं आणि गाडी १,३०० मीटरहून अधिक पुढे गेली! बटन हाताला न बघता सापडतं, पडद्याकडे मात्र बघावंच लागतं. नव्या गाड्यांची सुरक्षितता तपासणारी युरोपातली युरो एनकॅप ही संस्था २०२६ पासूनच्या तपासणीत हॉर्न, वायपर, वळणाचे आणि धोक्याचे दिवे यांना स्वतंत्र बटनं किंवा दांडे आहेत का, हेही बघते. आता गणित करा. घाटात ताशी ४० किलोमीटर वेगानं गाडी चाललीय आणि चालकानं दोनच सेकंद पडद्याकडे पाहिलं, तर न बघता गाडी किती गेली? बावीस मीटर! घाटातलं वळण त्याहून जवळ असू शकतं.

संक्रांतीला मी घरी गेले. अण्णा ओसरीवर बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, “अण्णा, दोष तुमच्या बोटाचा नव्हता. आणि मी तुमच्यावर ओरडायला नको होतं.”

ते म्हणाले, “मला म्हाईत व्हतं की. चाळीस वर्सं दगडं वेचलेलं बोट हाय ते, काचंला कसं कळावं?”

मी तो हात हातात घेतला. घट्टे, भेगा, मातीची न जाणारी काळी रेघ. त्याच हातानं वेचलेल्या रानातल्या ज्वारीवर आणि बांधावरच्या सीताफळांवर मी शिकले होते. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगवतं अशाच दगडाळ माळावर. आणि आम्ही चिडून टाकलेल्या दगडांच्या बांधानं इतकी वर्षं आमची माती अडवून धरली होती. ते तांबडे दगडही त्यातच असतील.

मी म्हटलं, “अण्णा, दगडं वर का येत्यात ते पण मला कळलंय.” आणि पाऊस, नांगर, भेगा, कांद्यासारखे पापुद्रे, सगळं समजावलं.

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हंजी मोठ्या खडकातनं बारकी दगडं निघत्यात. व्हय ना?”

“हो.”

“मग मी येगळं काय म्हणलो व्हतो? पिल्लंच ती!”

आता बोला! मुलांनो, तुम्हीही एक वैतागवही करा. आणि घरातल्या मोठ्या माणसाचं बोट फोनला लागत नसेल, तर फोन हिसकावून घेऊ नका. ओलं फडकं द्या आणि दुसऱ्यांदा जमेपर्यंत जवळ बसा. तुमच्या वहीतला पहिला वैताग कोणता, ते मला नक्की कळवा हं.